वाफबाईंचा मासा

वाफबाईंच्या निवृत्तीच्या दिवशी हॉस्पिटलातल्या मंडळींनी त्यांना पाच मासे भेट दिले, आणि तिसऱ्या दिवशी त्यातला पहिला मेला.

वाफबाई हे नाव अर्थात त्यांच्या तोंडावर कोणी घेत नसे. ऑपरेशन थिएटरच्या मागे, जिन्याखाली एक लांबट खोली होती. वापरलेल्या कात्र्या, चिमटे, सुऱ्या तिथं यायच्या, धुऊन पुसून कापडात बांधल्या जायच्या आणि वाफेच्या मोठ्या मशीनमधून निर्जंतुक होऊन परत जायच्या. त्या खोलीच्या वाफबाई चौतीस वर्षं इनचार्ज होत्या. प्रत्येक गठ्ठ्यावर एक पट्टी चिकटवलेली असे. पट्टीवरच्या रेघा काळ्या झाल्या की वाफ आतपर्यंत पोचली असं समजायचं. रेघ जराशी करडी दिसली तरी गठ्ठा परत मशीनमध्ये. एकदा पेशंटला टेबलावर घेतल्यावर मोठे सर्जन स्वतः दारात येऊन ओरडले होते, "सिस्टर, ती रेघ काळीच आहे!" वाफबाईंनी चष्मा लावून रेघ पाहिली, चष्मा काढून पाहिली आणि म्हणाल्या, "सर, ती काळी होण्याच्या विचारात आहे." गठ्ठा परत गेला. सर्जन अर्धा तास धुतलेले हात वर धरून उभे राहिले.

चौतीस वर्षांत त्यांच्या खोलीतून गेलेल्या हत्यारामुळे एकाही जखमेत पू झाला नव्हता. ही गोष्ट त्या कधी बोलून दाखवत नसत. दुसऱ्या कोणी बोलून दाखवली, की मात्र हातातलं काम थांबवून शेवटपर्यंत ऐकत.

तर अशा बाईंना निरोप देताना काय द्यावं, यावर हॉस्पिटलात बरीच चर्चा झाली. शेवटी त्यांच्या जागी आलेल्या नव्या सिस्टरनं सुचवलं, की मॅडमना घरी एकटं वाटेल, काहीतरी जिवंत द्यावं. कुत्रा द्यायची कोणाची छाती नव्हती. वाफबाईंनी त्याला उकळलं असतं, असं कोणीतरी म्हणालंही. मासे निदान पाण्यातच असतात, धुतलेलेच असतात. म्हणून मग खाऱ्या पाण्याची टाकी ठरली, समुद्रातल्या रंगीत माशांची.

निरोपाच्या दिवशी सकाळी फिटर येऊन वाफबाईंच्या बाहेरच्या खोलीत टाकी बसवून गेला. नवी कोरी काच, नवी कोरी वाळू, दुकानातून आलेले पांढरे दगड, पिशवीतलं मीठ मोजून कालवलेलं पाणी, ते गरम ठेवायची नळी आणि एका कोपऱ्यात घुरघुरणारा फिल्टर. संध्याकाळी समारंभ आटोपून सगळे घरी आले, टाळ्या वाजल्या आणि नव्या सिस्टरनं स्वतःच्या हातानं पाच मासे पाण्यात सोडले. वाफबाई काचेसमोर उभ्या राहिल्या. आरपार दिसत होतं. पलीकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीखसुद्धा वाचता येत होती. इतकी स्वच्छ वस्तू त्यांच्या घरात आजवर आलीच नव्हती, कारण त्यांच्या नवऱ्याचं इमारतीच्या तळमजल्यावर स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं.

नवरा वर आला, दारातल्या ठरलेल्या बेसिनवर त्यानं ठरलेल्या साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, मग आत येऊन टाकी पाहिली.

"बरं झालं," तो म्हणाला. "मला धुऊन तुझं मन भरत नव्हतं, आता हे पाच आले."

पहिला गेला तो पिवळ्या पट्ट्यांचा. सकाळी पाहिलं तर फिल्टरच्या जाळीला चिकटून आडवा पडला होता. वाफबाईंनी त्याला चमच्यानं बाहेर काढलं, खिडकीच्या उजेडात न्याहाळलं. जखम नाही, सूज नाही. म्हणजे संसर्ग. दुसरं काही कारण त्यांना सुचणंच शक्य नव्हतं. उरलेल्या चौघांना बादलीत हलवून त्यांनी टाकी रिकामी केली. काच आतून बाहेरून घासली. फिल्टरमधला स्पंज नळाखाली धरून पिळला, पुन्हा धरून पुन्हा पिळला. वाळू पातेल्यात घालून उकळली.

दुपारी नवरा जेवायला आला तेव्हा कुकरची शिट्टी होत होती.

"काय आहे आज?"

"दगड."

"मी जेवणाचं विचारतोय."

"मीही कुकरचंच सांगतेय. टाकीतले दगड आहेत. तीन शिट्ट्या झाल्या की काढते, मग तुमचं लावते."

"नीट धुऊन लाव म्हणजे झालं," नवरा म्हणाला आणि एवढं बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की हे वाक्य या घरात आजवर त्यानं कधीच उच्चारलं नव्हतं.

नव्या पाण्यात टाकी लखलखू लागली. दोन दिवसांनी दुसरा मासा गेला. वाफबाईंनी दगडांना पाच शिट्ट्या दिल्या. आठव्या दिवशी तिसरा गेला, दहाव्या दिवशी चौथा. दर वेळी त्या आधीपेक्षा जास्त घासत होत्या, आणि त्यांना मनातून एक गोष्ट टोचू लागली होती, की जितकी टाकी चमकते तितका पुढचा लवकर जातो. पण हे वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्या मनातल्या मनात दुसरीकडे बघत.

दहाव्या दिवशीच नव्या सिस्टरचा फोन आला. मशीनच्या दाराचं रबर बदलायचं का, असं विचारून झाल्यावर ती म्हणाली, "आणि मॅडम, आमचे मासे कसे आहेत?"

चौथा मासा त्या क्षणी ओट्यावर बशीत होता.

"मजेत आहेत," वाफबाई म्हणाल्या. "पाचही."

फोन ठेवल्यावर त्यांचे कान गरम झाले. नवरा पेपरमागून म्हणाला, "बशीतला जरा कमी मजेत दिसतोय."

आता उरला एकच. बोटाच्या दोन पेरांएवढा, शाईसारखा निळा, आणि स्वभावानं खडूस. बाकीचे जिवंत होते तोवर त्यानं कोणाला सुखानं खाऊ दिलं नव्हतं. नवऱ्यानं त्याचं नाव निळेराव ठेवलं होतं, कारण अरेतुरे करावं असा त्याचा चेहरा नव्हता. तेच निळेराव आता एका दगडाआड अंग चोरून बसले होते. निळा रंग फिकट पडला होता आणि कल्ले भराभर उघडझाप करत होते. वाफबाईंनी मनगटावरच्या घड्याळात बघून मोजलं. मिनिटाला एकशे पन्नास. आदल्या आठवड्यात नव्वद होते.

एकटा मासा, आणि त्याला धाप लागली होती. हाही गेला तर नव्या सिस्टरला काय सांगायचं, हा प्रश्न तर होताच. पण खरं म्हणजे त्यांना सिस्टरचं एवढं वाटत नव्हतं. ते पाच जीव त्यांच्या हातात दिले होते आणि चार त्यांच्या हातून गेले होते, चौतीस वर्षांच्या त्यांच्या हातातून. पाचवा जाता कामा नये. बस.

बाराव्या दिवशी सकाळी त्या गल्लीच्या टोकाच्या माशांच्या दुकानात गेल्या. दुकान म्हणजे एक बोळच. दोन्ही भिंतींना टाक्या आणि मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. वाफबाईंनी आत पाऊल टाकलं आणि रुमाल नाकाला लावला. टाक्यांच्या मागच्या काचा तपकिरी झाल्या होत्या. दगडांवर हिरवी लव उगवली होती. फिल्टरच्या जाळ्यांतून काळपट काहीतरी लोंबत होतं. आणि या सगळ्या गलिच्छपणात मासे नुसते बागडत होते. वाफबाईंना तो स्वतःचा अपमान वाटला.

दुकानदार पन्नाशीचा, बनियनवर बाह्या कोपरापर्यंत ओल्या असलेला शर्ट घातलेला. "या ताई. कोणता मासा देऊ?"

"मासा नको भाऊ. आहे तो वाचवायचाय." त्यांनी पिशवीतून झाकण घट्ट लावलेली बाटली काढली. बाटलीवर चिठ्ठी होती.

दुकानदारानं ती मोठ्यानं वाचली. "नमुना, टाकीचं पाणी. वेळ, सकाळी सात दहा. रुग्ण, निळा. वय, माहीत नाही. तक्रार, धाप." त्यानं वर पाहिलं. "बाई का पुरुष, ते लिहिलं नाही."

"कळलं नाही."

"मलाही कळत नाही. चालेल."

त्यानं थोडं पाणी काचेच्या नळीत घेतलं, त्यात दोन बाटल्यांमधले थेंब टाकले, नळी हलवली. पाणी हिरवंगार झालं.

"पिवळं राहायला पाहिजे," तो म्हणाला. "टाकी किती दिवसांची?"

"बारा."

"आणि मासे?"

"तेही बाराच. म्हणजे होते."

"साफसफाई?"

वाफबाई जरा ताठ झाल्या. "चार वेळा. पूर्ण. वाळू उकळली, दगडही उकळले."

दुकानदार स्टुलावर बसला. "दगड उकळले."

"कुकरमध्ये. आधी तीन शिट्ट्या देत होते, मग पाच केल्या."

"ताई, तुम्ही काम काय करता?"

"आता निवृत्त आहे. हॉस्पिटलात हत्यारं निर्जंतुक करायचा विभाग होता माझ्याकडे. चौतीस वर्षं."

"हां," दुकानदार म्हणाला. रोग सापडल्यावर डॉक्टर म्हणतात, तसंच.

मग त्यानं समजावून सांगितलं. मासा खातो, त्याची घाण पाण्यात उतरते आणि त्या घाणीचं विष होतं. त्या विषानं कल्ले आतून भाजतात. हे विष खाऊन टाकणारे जंतू असतात. ते दगडांवर, वाळूत आणि मुख्य म्हणजे फिल्टरच्या स्पंजमध्ये घर करतात. नव्या टाकीत ते नसतात. यायला महिना, दीड महिना लागतो. ते येईपर्यंत मासे सोडायचेच नसतात. आणि तुमच्याकडे बिचारे येऊन टेकत होते न टेकत होते, तोच प्रत्येक वेळी तुम्ही त्यांना कुकरमध्ये घालत होतात.

शेजारच्या टाकीतला एक गोल मासा काचेजवळ येऊन वाफबाईंकडे बघत राहिला.

"म्हणजे मी जंतू पाळायचे?"

"पाळायचे. त्यांना खायला मिळतं का बघायचं. कोणी त्रास देत नाही ना ते बघायचं."

"मी," वाफबाई पुन्हा म्हणाल्या. ते दुकानदाराला उद्देशून नव्हतं.

दुकानदार आत गेला आणि सर्वांत मागच्या, सर्वांत जुन्या टाकीच्या फिल्टरमधून एक स्पंज काढून आणला. तो मुळात कोणत्या रंगाचा असेल हे सांगता आलं नसतं. त्यातून चहासारखं पाणी ठिबकत होतं. टाकीतल्याच पाण्यासकट त्यानं तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधलं.

"हा अकरा वर्षं चालतोय. यात जंतूंचं गावच्या गाव आहे. घरी गेल्या गेल्या तुमच्या फिल्टरमध्ये बसवा. कोरडा पडू देऊ नका, नळाखाली धरू नका. मासा सावरेपर्यंत रोज पाव टाकी पाणी बदला, तेवढंच खारट, तेवढंच गरम. दगडाला, वाळूला, स्पंजला हात लावायचा नाही. एवढं केलं की झालं. दुसरं काही करायचं नाही ताई. कळलं? काही करायचं नाही."

वाफबाई पिशवी अंगापासून हातभर लांब धरून घरी आल्या. वाटेत कोणी ओळखीचं भेटलं तर काय सांगायचं याचीच त्यांना जास्त चिंता होती. घरात शिरल्या, चपला काढल्या, पिशवी ओट्यावर ठेवली, बेसिनवर हात धुतले. निळेराव कसे आहेत ते पाहायला त्या बाहेरच्या खोलीत डोकावल्या. निळेराव दगडाआडच होते. श्वास मोजता मोजता त्या परत स्वयंपाकघरात गेल्या, आकडा मनात धरून ठेवत, एकशे छप्पन, एकशे छप्पन, आणि हातांनी हातांचं काम केलं. चौतीस वर्षं बाहेरून आलेली मळकी वस्तू पाहिली की जे काम ते हात करत आले होते, ते.

पहिली शिट्टी झाली तेव्हा वाफबाई कागदावर एकशे छप्पन लिहीत होत्या.

त्यांचं पेन थांबलं. कुकर त्यांनी लावला नव्हता. म्हणजे लावला होता. त्यांनी ओट्याकडे पाहिलं. ओट्यावर प्लास्टिकची पिशवी होती, रिकामी, नीट चौकोनी घडी घातलेली.

नवरा दुपारी वर आला तेव्हा त्या जमिनीवर बसल्या होत्या आणि समोर ताटलीत एक पांढराशुभ्र स्पंज होता. सगळी हकिकत ऐकून तो आधी हसला. मग बायकोचा चेहरा पाहिला आणि हसणं अर्ध्यात गिळलं.

"अगं, सवय आहे ती."

"अख्खं गाव होतं त्यात," वाफबाई म्हणाल्या. "अकरा वर्षांचं."

"आजवर तू मारलेस त्यापुढे हे काहीच नाही."

"तेव्हा ते मारायचेच होते!"

नवऱ्यानं ती ताटली उचलून नजरेआड केली.

त्या संध्याकाळी निळेराव दगडाआडून निघाले आणि पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड लावून राहिले. दाणे टाकले ते शेजारून बुडून गेले, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. वाफबाईंनी पाव टाकी पाणी बदललं. मीठ मोजलं, पुन्हा मोजलं, पाण्यात थर्मामीटर धरला. श्वास एकशे सत्तर. वॉर्डमध्ये अशा वेळी सिस्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून घेत. इथं नातेवाईक त्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच त्या शटरसमोर हजर होत्या. दुकानदारानं शटर वर केलं आणि त्यांना पाहून दचकला.

"गेला?"

"नाही. स्पंज गेला."

"म्हणजे?"

वाफबाईंनी आयुष्यात प्रथमच एखादं वाक्य जमिनीकडे बघत म्हटलं. "उकळला."

दुकानदारानं शटरचा आकडा हातात तसाच धरून ठेवला. "मी सांगितलं होतं ना, नळाखालीसुद्धा..."

"नळाखाली नाही धरला. सरळ कुकरमध्ये गेला. माझ्या लक्षात आलं तेव्हा एक शिट्टी झाली होती."

"ताई," दुकानदार सावकाश म्हणाला, "लोकांनी आजवर माझे मासे उपाशी मारले, जास्त खायला घालून मारले. एकानं टाकीत शांपू घातला होता. पण स्पंज..." तो आत गेला, एका चालू टाकीच्या फिल्टरमधला स्पंज कात्रीनं अर्धा कापला, अर्धा परत बसवला आणि उरलेला पिशवीत घातला. वाफबाईंनी हात पुढे केला. त्यानं पिशवी मागे घेतली.

"तुमच्या हातात देणार नाही."

"मग?"

"घरात सगळ्यात अस्वच्छ कोण आहे?"

"नवरा," वाफबाई म्हणाल्या. विचार करायला एक क्षणही लागला नाही.

"त्यांना पाठवा."

गॅरेजमधून नवऱ्याला बोलावून आणलं गेलं. आपली निवड कोणत्या गुणावर झाली हे कळल्यावर त्याच्या छातीचा घेर वाढला. तीस वर्षांच्या संसारात या गुणाचं चीज होईल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. दुकानदारानं मात्र त्याचे हात पाहून लगेच बजावलं, की तेलाचा थेंब पाण्यात गेला तर मासा संपला आणि साबण गेला तरी संपला.

"मग मी करू काय? तेल साबणाशिवाय निघत नाही."

"हातमोजे आहेत घरी," वाफबाई उत्साहानं म्हणाल्या. "निर्जंतुक केलेले."

"नको!" दोघं पुरुष एकदमच ओरडले.

शेवटी घरी आल्यावर नवऱ्यानं पावाची रिकामी पिशवी हातावर चढवली. ती कुठे सापडली, ती कधीची होती, हे वाफबाईंनी विचारलं आणि त्यानं विचारू नकोस म्हणून सांगितलं. स्पंज फिल्टरमध्ये बसवला जात असताना त्या दाराच्या चौकटीत उभ्या होत्या, दोन्ही हात पाठीमागे बांधून. तपकिरी पाण्याचा एक ढग फिल्टरमधून त्यांच्या स्वच्छ टाकीत पसरला आणि हळूहळू खाली बसू लागला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"झालं," नवरा म्हणाला. "आता जेवू?"

"हात धुवा," डोळे मिटलेल्या वाफबाई म्हणाल्या.

त्यानंतरचे दिवस त्यांनी कसे काढले हे त्यांचं त्यांनाच माहीत. काही न करणं हे काम त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. चार दिवसांत काचेवर आतून तपकिरी धूळ धरली. कॅलेंडरवरची तारीख दिसेनाशी झाली. वाफबाई खुर्ची घेऊन समोर बसत, हातांची बोटं एकमेकांत अडकवून ठेवत आणि बोटं सुटायला लागली की उठून घरातलं दुसरं काहीतरी धुऊन काढत. पंख्याची पाती झाली. दारांच्या बिजागऱ्या झाल्या. घरात धुण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्या तळमजल्यावर गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यानं गॅरेज उघडलं तर त्याचे पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, सगळं पांढऱ्या कापडात लहान मोठ्या क्रमानं बांधून ठेवलेलं होतं आणि प्रत्येक गठ्ठ्यावर तारीख होती. स्कूटर घेऊन आलेलं गिऱ्हाईक ते बघून म्हणालं, "काका, गाडीला भूल देणार का?"

रोज सकाळी दुकानदारानं दिलेल्या नळीत पाणी घेऊन त्याचेच थेंब टाकायचे, रंग बघायचा आणि कागदावर लिहायचं. हिरवा. हिरवा. हिरवा. श्वास एकशे साठ, एकशे अठ्ठावन्न, परत एकशे साठ. पाचव्या दिवशी पाणी बदलताना निळेराव पृष्ठभागावरून खाली गेलेले दिसले. ही सुधारणा की शेवट, हे त्यांना ठरवता येईना. सातव्या दिवशी हिरव्यात पिवळा मिसळला. त्या दिवशी दाण्यांतला एक दाणा निळेरावांनी तोंडात घेतला, नापसंत करून थुंकला, आणि मग पुन्हा घेतला. वाफबाईंनी खाली फोन करून नवऱ्याला वर बोलावलं. तो धावत आला, हात न धुता, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

अकराव्या दिवशी त्या नमुना घेऊन दुकानात गेल्या. दुकानदारानं नळी उजेडात धरली.

"पिवळं झालं ताई. सुटलात."

वाफबाईंनी चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. "पिवळं होण्याच्या विचारात आहे. उद्या परत आणते."

उद्याही पिवळंच होतं. परवाही. निळेराव आता टाकीभर हिंडू लागले. रंग परत आला, आणि रंगासोबत स्वभावही. पाणी बदलायला वाफबाईंनी हात आत घातला तेव्हा त्यांनी सरळ करंगळीचा चावा घेतला. वाफबाईंनी ती करंगळी आधी नवऱ्याला, मग समोरच्या बिऱ्हाडातल्या आजींना आणि संध्याकाळी दुकानदाराला दाखवली. त्याच वेळी, आता एखादा सोबती द्या, असंही म्हणून पाहिलं.

"या जातीला?" दुकानदार म्हणाला. "आता अख्खी टाकी त्याच्या मालकीची झालीय. दुसरा सोडाल तर तो मारून टाकील. एवढं करून तुम्ही वाचवलात तोही नेमका कोण, तर हा."

"असू दे," वाफबाई म्हणाल्या. "मीही कोणाला माझ्या खोलीत येऊ देत नव्हते."

महिना उलटला. एका रविवारी दुपारी नवी सिस्टर न कळवता आली. मशीनचं रबर बदलून झालं होतं, आता वाफ दुसरीकडूनच निसटत होती आणि फोनवर सांगून समजत नव्हतं. वाफबाई चहा टाकायला स्वयंपाकघरात गेल्या. नवरा खुर्चीत पेंगत होता. चहाला उकळी येते न येते, तोच नवी सिस्टर लगबगीनं आत आली. तिचा एक हात कोपरापर्यंत ओला होता आणि त्या हातात तपकिरी पाणी गाळणारा अर्धा स्पंज होता.

"मॅडम, काय झालंय हो हे! तुमच्याकडे, आणि असं? काच तर बघवत नाही. थांबा, हा मी नळाखाली..."

"हात मागे!"

जिन्याखालच्या खोलीत कोणी निर्जंतुक गठ्ठ्याला उघड्या हातानं शिवलं, की निघायचा तोच हा आवाज. बाहेर नवरा खुर्चीतून पडता पडता राहिला. नवी सिस्टर स्पंजसकट पुतळा झाली. वाफबाईंनी तिचं मनगट धरलं, तिला तशीच चालवत टाकीपाशी नेलं, स्पंज फिल्टरमध्ये घालायला लावला आणि मगच मनगट सोडलं.

"पण मॅडम, त्यात जंतू असतील!"

"आहेत. ड्युटीवर आहेत."

नव्या सिस्टरनं पाणी निथळत असलेला हात तसाच धरून टाकीत पाहिलं. मग खाली वाकून दगडांमागे पाहिलं, आणि दुसऱ्या बाजूनं जाऊन पाहिलं.

"बाकीचे चार कुठेत?"

दगडांमागे आहेत, झोपलेत, असं वाफबाईंच्या ओठांवर आलं होतं. नवरा छताकडे बघू लागला.

"गेले," वाफबाई म्हणाल्या. "तू फोन केलास त्याच दिवशी चौथा गेला. मी खोटं सांगितलं. माझ्या हातून मेले चारही. धुऊन धुऊन मारले मी त्यांना."

नवी सिस्टर बसलीच. तिचा चेहरा उतरला, मग लाल झाला. वाफबाईंना वाटलं, आता ही रडणार. पण ती पदराशी चाळा करत म्हणाली, "मॅडम, तुमच्या हातून नाही. निदान तुमच्या एकटीच्या नाही. तो फिटर मला म्हणाला होता, महिनाभर नुसती टाकी चालवा, मासे नंतर आणा. पण तुमचा निरोप त्याच दिवशी होता. एवढी माणसं टाळ्या वाजवायला येणार, आणि रिकामी टाकी कशी द्यायची? मीच म्हटलं, सोडून टाकू, काय होतंय."

निळेराव आपल्या हद्दीत घुसलेल्या हाताचा माग काढत काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गस्त घालत होते.

हॉस्पिटलात चूक कोणाचीही असो, ती कागदावर उतरल्याशिवाय वाफबाईंच्या खोलीतून कोणी बाहेर पडत नसे. रागावणं, रडणं, क्षमा, सगळं त्याच्यानंतर.

"लेखी दे," त्या म्हणाल्या.

"आता? इथं?"

"मीही देते."

नवऱ्यानं खालून दोन कागद आणून दिले. त्यांच्या कडेला त्याच्या अंगठ्याचे काळे ठसे होते, पण त्यावर कोणी काही बोललं नाही. वाफबाईंनी आधी आपला कागद पुढे ओढला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं. मृत, चार. कारण, स्वच्छता. खाली आणखी एक ओळ लिहिली, की चौकशी झाली असता खोटी माहिती दिली. त्याखाली सही केली, तारीख घातली, आणि पेन नव्या सिस्टरकडे सरकवलं.

नव्या सिस्टरनं दोन ओळी लिहिल्या आणि अडकली. "मॅडम, कारणात काय लिहू?"

"लाज."

"लाज?"

"रिकामी टाकी द्यायची लाज वाटली, असं लिही. आणि मासे सोडल्याची वेळ घाल. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते."

नवी सिस्टर मान खाली घालून लिहू लागली. वाफबाई चहा गाळायला उठल्या, दारापर्यंत गेल्या, आणि परत येऊन तिच्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाल्या, "साडेसहा नव्हे. सहा चाळीस. मी घड्याळ पाहिलं होतं."